उन्हाळ्याच्या तारखा आणि फाळक्यांच्या घरचा स्वयंपाक

एप्रिल-मे आला की आपल्या भिंतीवरच्या कालनिर्णयात खुणा कशाच्या असतात? कुरडया कधी घालायच्या, वर्षाचं तिखट कधी कुटायचं, मुलांचा निकाल केव्हा आणि माहेरचं रिझर्व्हेशन कधीचं. पण याच पानांवर आपल्या सिनेमाच्याही चार-पाच तारखा दडलेल्या आहेत, आणि त्या सगळ्या ऐन सुट्टीतल्या! तेव्हा मैत्रिणींनो, यंदा मुलांना घेऊन मुंबईला बहिणीकडे नाहीतर नणंदेकडे गेलात, तर राणीची बाग झाल्यावर एक सकाळ यासाठी राखून ठेवा.

चर्नी रोडला उतरायचं आणि ऊन चढायच्या आत गिरगावात शिरायचं. एप्रिल १९११, ईस्टरचे दिवस. तेव्हा धुंडिराज गोविंद फाळके आपल्या पत्नीला, सरस्वतीबाईंना घेऊन इथल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट पाहायला आले. पडद्यावर ख्रिस्त, आणि यांच्या डोळ्यांपुढे मात्र कृष्ण नि राम! आपले देव असे हलताना-चालताना दिसायला हवेत, हे खूळ तिथून डोक्यात शिरलं. नवऱ्याच्या डोक्यात खूळ शिरलं की घरात काय होतं, हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको.

जवळच सँडहर्स्ट रोड, आताचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग. इथे कॉरोनेशन थिएटर होतं. आज शोधू नका, सापडणार नाही. १८ मे १९१२ ला दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ इथेच लागला. ते रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रण होतं आणि फिल्म धुतली गेली लंडनला, म्हणून पहिलेपणाचा मान कुणाचा हा वाद अजून मिटलेला नाही. पुढच्याच वर्षी, ३ मे १९१३ च्या शनिवारी, त्याच पडद्यावर ‘राजा हरिश्चंद्र’ आला. त्याआधी २१ एप्रिलला निमंत्रितांसाठी ग्रँट रोडच्या ऑलिंपियात खेळ झाला होता. कॉरोनेशनला सिनेमाच्या जोडीला नाच आणि पायांनी वस्तू झेलणारा अलेक्झांडर नावाचा एक गडीही होता. नुसत्या चित्रांवर पैसे वसूल होतील याची खात्री नसावी!

आता लोकल पकडा आणि दादरला उतरून पूर्वेकडे या. तेव्हाचा दादर मेन रोड म्हणजे आजचा दादासाहेब फाळके मार्ग. वाहनांच्या गर्दीत मुलांचा हात सोडू नका. याच रस्त्यावरच्या बंगल्यात फाळक्यांचं बिऱ्हाड होतं आणि स्टुडिओही तोच. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ साली लंडनला जाऊन आले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला. सावकाराला भरवसा वाटावा म्हणून आधी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचा कोंब कसा वाढतो हे रोज थोडं थोडं टिपून दाखवलं. सरस्वतीबाईंचे दागिनेही यात गेले.

आणि कामाचं म्हणाल, तर कच्ची फिल्म तेव्हा कडेला भोकं न पाडताच यायची. ती भोकं रात्री अंधाऱ्या खोलीत पाडायची कुणी? सरस्वतीबाईंनी. फिल्म धुण्याची रसायनं मिसळायला त्या शिकल्या, भर उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडायला उभ्या राहिल्या, सगळ्यांचे कपडे धुतले, आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक रांधला. हो, साठ-सत्तर! आपल्याकडे सणाला पंधरा पानं झाली तर कंबर धरते.

तारामतीच्या कामाला बाई मिळेना. तूच कर, असं फाळक्यांनी सरस्वतीबाईंना सुचवलं होतं म्हणतात. त्यांनी नकार दिला. मग बाकीची कामं कोण करणार? रास्तच होतं. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलातले आचारी अण्णा साळुंके तारामती झाले. बाकीच्या ‘बायकां’नाही मिशा काढायला लावताना फाळक्यांच्या नाकी नऊ आले, कारण मिशी काढायची ती वडील गेल्यावर, अशी रीत. रोहिदास मात्र घरचाच, थोरला भालचंद्र.

रस्त्याच्या पाटीवर एकच नाव आहे. मला विचाराल तर ३ मे हा दिवस दोघांचा धरायला हवा.

सवड असेल तर पुढे नाशिकला जाता येईल. १९१३ मध्येच फाळके तिकडे गेले. गोदेचे घाट आणि देवळं म्हणजे आयता देखावा. तिथे माणसं वाढली आणि सरस्वतीबाईंची चूलही. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. लेणी पाहायची तर सकाळीच पायऱ्या चढा, दुपारी दगड नुसता तापतो. नाशिकहून तासाभराच्या वाटेवर त्र्यंबकेश्वर. फाळक्यांचा जन्म तिथला, ३० एप्रिल १८७० चा. म्हणजे तारीख साधून गेलात तर दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टीही पदरात पडते. सोबत पाण्याची बाटली, कांदा आणि दशम्या घ्या.

प्रवास जमला नाही तर घरी मोबाइलवर ‘कालिया मर्दन’ लावून मुलांना दाखवा. १९१९ चा आहे, आणि बराचसा शिल्लक आहे. त्यातला कृष्ण म्हणजे फाळक्यांची लेक मंदाकिनी, तेव्हा सहा-सात वर्षांची. सुरुवातीला ती नुसतीच कॅमेऱ्यासमोर राग, हसू, रडू असे चेहरे करून दाखवते. आमच्या घरी मुलं ते पाहून आरशापुढे जाऊन बसली आणि दुपारभर उठली नाहीत.