कोरडा पाषाण

'लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण' हे शब्द बालपणी आजीच्या मुखातून मी इतक्या वेळा ऐकले होते, की ही म्हण नसून आमच्या देवळातील पुराणिकबुवांविरुद्ध गुदरलेली कायमची फिर्यादच आहे, अशी माझी समजूत होती. अपरिग्रहावर प्रहरभर निरूपण करून झाल्यावर बुवा तबकातील चिल्लर दोनदा मोजून घेत, आणि आजी पदराआड ही म्हण पुटपुटे. अलीकडे तीच फिर्याद मी जो स्ट्रमर या लंडनच्या पंक गायकावर लावून पाहत आहे, आणि निवाडा काही होत नाही.

पुरावा तसा भक्कम आहे. लखनौस जन्मलेल्या, ब्रिटिश परराष्ट्र खात्यातील एका अंमलदाराचा हा पुत्र. मूळ नाव जॉन मेलर. १९५२ साली अंकारात जन्मलेला, वडिलांच्या बदल्यांबरोबर कैरो, मेक्सिको, बॉन पाहिलेला आणि नवव्या वर्षी वसतिशाळेत गेलेला. हाच पुढे 'द क्लॅश' या वाद्यवृंदाचा कंठ होऊन बेकारांचा संताप गाऊ लागतो, आणि १९७७ च्या जानेवारीत ही बंडखोर मंडळी सीबीएस या धनाढ्य कंपनीच्या एक लाख पौंडांच्या करारनाम्यावर दस्तखत करतात. उलट बाजूस हेही नमूद केले पाहिजे, की १९८० साली 'सँडिनिस्टा!' हा तीन तबकड्यांचा संच स्वस्तात विकला जावा म्हणून याच मंडळींनी ब्रिटनमधील पहिल्या दोन लाख प्रतींच्या रॉयल्टीवर पाणी सोडले.

पाणी सोडले असे लिहिले खरे, आणि लेखणी पुन्हा त्या पाषाणापाशीच अडली. पाषाण कोरडा असणे हा दोष, हे ठरविले कोणी? कान्हेरीच्या लेण्यांत कातळात खोदलेल्या पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, आहेत. पावसाळ्यात भरलेले त्यांतील पाणी ऐन उन्हाळ्यातही हाताला लागते, ते त्या काळ्या दगडाला तहान नाही म्हणून. तो जर भुसभुशीत, रसिक, प्रत्येक थेंब आत मुरवून घेणारा असता, तर भिक्षूंच्या ओंजळीत काय उरले असते? शिवाय अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्या त्या भिक्षूंसाठी कल्याणच्या एका सोनाराने पोढी दान दिल्याची नोंद तेथील शिलालेखात आहे. म्हणजे विरक्तांची तृषा भागविणारे द्रव्य बाजारपेठेतूनच आले होते, आणि त्याची कोणास लाज वाटली नाही, उलट ते दगडावर कोरून ठेविले गेले.

येथवर आल्यावर मात्र स्वतःच्याच युक्तिवादाचा मला संशय येऊ लागतो, कारण तो फारच सोयीचा आहे. पोढीला आपल्या कोरडेपणाची जाणीव नसते. माणसाला ती असते, आणि करारावर दस्तखत करताना तर ती असलीच पाहिजे. ज्या आधाराने मी स्ट्रमरला सोडवीन, त्याच आधाराने पुराणिकबुवाही सुटतील, आणि त्यांना सोडायला माझे मन आजही राजी नाही. पण मग आठवते, की एवढी निर्भर्त्सना करणारी आजी दुसऱ्या दिवशी पुराणाला सर्वांच्या आधी जाऊन बसे. ती कशासाठी जात होती, हे मी तिला कधी विचारले नाही, आणि आता विचारण्याची सोय उरलेली नाही.

१५ नोव्हेंबर २००२ रोजी लंडनच्या ॲक्टन टाउन हॉलमध्ये स्ट्रमर संपावरील अग्निशामक कामगारांच्या मदतीसाठी गायला. १९८३ साली ज्यास वाद्यवृंदातून काढून टाकले होते, तो मिक जोन्स त्या रात्री श्रोत्यांतून उठून रंगमंचावर आला आणि त्याच्या शेजारी उभा राहून वाजवू लागला. त्यानंतर पाच आठवड्यांनी, २२ डिसेंबरला, सॉमरसेटमधील राहत्या घरी स्ट्रमर वारला. वय ५०. त्याच्या हृदयात जन्मापासून दोष होता. तो कोणाच्याच ध्यानात आला नव्हता.