वेगाचा चढउतार

एकसारखेपणाचे आपल्याला फार कौतुक आहे. दुधाचा रतीब एकसारखा हवा, घड्याळाची टिकटिक एकसारखी हवी आणि मुलाचे गुणही दर चाचणीला एकसारखे हवेत. वाढले तर हरकत नाही, पण घसरता कामा नयेत! जे वरखाली होते ते बिघडले, हा आपला जुना हिशेब. गंमत अशी की, ज्या यंत्राला आपण अचूकपणाचा पुतळा समजतो, तो संगणकच हा हिशेब मानायला तयार नाही.

आमच्या लोणावळ्याच्या घरात हे कळले ते चिरंजिवांच्या खेळामुळे. दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या चिक्कीच्या दुकानात पुडे बांधून त्याने पैसे साठवले, मी त्यात थोडी भर घातली आणि टेबलावर मांडायचा मोठा संगणक घरी आला. खेळताना प्रोसेसरचा वेग दाखवणारा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात ठेवायची त्याला सवय. तो आकडा कधी ४.४, कधी २.९, तर कधी २.१. शर्यतीतली मोटार भरधाव असताना आकडा पडे, चित्र अडखळे आणि मोटार कठड्यावर आदळे. श्रावणातल्या एका रात्री तो दारात येऊन उभा राहिला. "बाबा, प्रोसेसर गेला वाटतं," एवढेच म्हणाला. दोन उन्हाळ्यांची कमाई त्या वाक्यात होती. मी तपासत असलेल्या वह्या बाजूला ठेवल्या.

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू असे आपण सरसकट म्हणतो. या मेंदूला ठेका लागतो. भजनात टाळ वाजावा तसा आत एक ठोका पडत असतो आणि त्या ठोक्यावर काम पुढे सरकते. हाच त्याचा क्लॉक. १९७१ साली इंटेल कंपनीने आणलेल्या ४००४ या मायक्रोप्रोसेसरचे ठोके सेकंदाला फार तर ७ लाख ४० हजार होते. चिरंजिवांचे ४.४ म्हणजे ४.४ गिगाहर्ट्झ, सेकंदाला ४४० कोटी ठोके! इतक्या वेगाने टाळ कुटणाऱ्याचे हात तापणारच. ठोका जलद करायचा तर बहुधा विजेचा दाबही वाढवावा लागतो, आणि उष्णता त्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दाब १० टक्के वाढवला, तर ठोका तोच ठेवूनही उष्णता सुमारे २१ टक्क्यांनी वाढते. या उष्णतेनेच वेगाची शर्यत अडवली. २००४ साली इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ काढण्याचा बेत सोडून दिला. पुढे एकाच प्रोसेसरात अनेक कोअर बसू लागले, आणि २००८ साली 'टर्बो बूस्ट' आले. काम असेल आणि अंग थंड असेल तेव्हा जोरात पळायचे, एरवी बेताने. खोक्यावर छापलेला मोठा आकडा बहुधा एकदोन कोअरनी पळायचा असतो. सगळे एकदम जुंपले की तो खाली येणारच.

घाटाच्या तोंडाशी राहणाऱ्याला हे समजायला जड जाऊ नये. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. कर्जतहून वर येताना ३७ फुटांमागे १ फूट इतका चढ लागतो. म्हणून पुष्कळशा गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात. त्यांना 'बँकर' म्हणतात. गाडीला ढकलत ढकलत ती लोणावळ्यापर्यंत आणतात आणि मोकळी होतात. चढावर गाडी मंदावते ती ओझ्यामुळे. उतारावर तर ती आपसूक पळाली असती. पण तिथे सारी भिस्त ब्रेकवर, आणि ब्रेक तापून चालत नाहीत, म्हणून तिथे तिला अधिकच जपून नेतात. दोन्ही वेळा वेग कमीच, पण कारणे निराळी. नुसता वेग मोजत बसणाऱ्याला हा फरक कळायचा नाही.

"एकच आकडा काय बघतोस? शेजारी तापमानाचाही लाव," मी मुलाला म्हटले.

आधी त्याने क्रिकेटचा एक जुना खेळ लावला. त्यात सेकंदाला ६० चित्रांची मर्यादा घातलेली होती. म्हणजे एका चित्राला साधारण १७ मिलिसेकंद. प्रोसेसर आपला वाटा त्याआधीच उरकून स्वस्थ बसे. वेग २.१, तापमान ५५ अंश, आणि खेळ कसा लोण्यासारखा चालला होता! हा विसावा होता. मग शर्यत लावली. वेग ४.४ वर गेला, तापमान भराभरा चढून ९९ वर पोचले, आणि वेग धाडकन २.९ वर आला. ही धाप होती. १०० अंशांच्या आसपास गेले की असे प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच वेग तोडतात. यंत्र शाबूत होते. फक्त कोणीतरी त्याचा गळा दाबून धरला होता.

तो हात घरातलाच निघाला. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर कोसळणाऱ्या आमच्या पावसात चामड्याच्या चपलांना बुरशी येते, पापड मऊ पडतात, आणि आमची आई जून लागला की घरातल्या प्रत्येक वस्तूला प्लॅस्टिक गुंडाळते. रेडिओला, शिवणयंत्राला, आणि मोठ्या मायेने नातवाच्या संगणकालाही! पुढची बाजू तेवढी उघडी. गरम हवेची बाहेर पडायची वाट बंद. वीज बंद करून आम्ही पेटी उघडली. पंख्याखालच्या धातूच्या पात्यांत ओलसर धुळीचा घोंगडीसारखा थर बसला होता. तो ब्रशने काढला, प्रोसेसरवरची सुकलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली आणि पेटी भिंतीपासून वीतभर पुढे ओढली. "गळलं तर मला सांगू नका," या अटीवर आईने प्लॅस्टिक काढू दिले.

त्यानंतर तापमान ७५ च्या पुढे गेले नाही. मोटार अजूनही कधीमधी आदळते, पण ती चालकाच्या चुकीने. वेगाचा आकडा मात्र ४.१ आणि ४.४ च्या मध्ये हेलकावे खातच होता.

"एकसारखा नाहीच राहत," चिरंजीव कुरकुरले.

"तुझा श्वास राहतो का?" आई वाती वळता वळता म्हणाली.

त्या रात्री बाजूला ठेवलेल्या वह्यांत पवनमावळातल्या एका मुलीची वही होती. नववीतली पोर, उन्हाळ्यापर्यंत पहिल्या पाचांतली. पावसाळ्यातल्या चाचणीत तिला २० पैकी ७. पुढच्याच आठवड्यात तिचे वडील शाळेत आले. "सर, पोरीचं डोकं चालंना झालंय. दिवाळीनंतर काढतो तिला शाळेतनं."

मी तिचे सातवी-आठवीचे गुण आणि हजेरी काढून दोन रांगांत शेजारी शेजारी लिहिली. दर वर्षी जुलै-ऑगस्टला दोन्ही घसरतात आणि दिवाळीनंतर दोन्ही चढतात. जुलै म्हणजे मावळात भातलावणीचे दिवस. ही पोर पहाटेपासून चिखलात वाकते, मग भिजत शाळेत येते, आणि तिसऱ्या तासाला तिचे डोळे मिटतात.

"अहो, ती दमलीय. तिचं डोकं खणखणीत आहे," मी म्हटले. "पुढच्या लावणीला चार दिवस एक माणूस जास्त घ्या, पण पोरीला काढू नका."

ते बराच वेळ त्या दोन रांगांकडे पाहत राहिले. "बघतो," म्हणाले आणि छत्री उघडून पावसात निघाले.

सहामाहीचे तिचे पेपर मी तपासले आहेत. गुण चढले आहेत. २० पैकी ७ चे प्रमाण कुठल्या कुठे मागे पडले. तिच्या वडिलांच्या हाती ते अजून पडायचे आहेत. सुट्टी संपून शाळा उघडेल, तेव्हा वर्गात शिरताच मी आधी खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकाकडे पाहणार आहे.