शेऱ्याचा रकाना

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी म्हणजे कुणाच्या तरी मळ्यातल्या चालत्या विहिरी. कठड्यावर तेलरंगाने नंबर आणि मोजणीची खूण, एवढाच सरकारी ऐवज. जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर अशा चार फेऱ्या व्हायच्या. टेपाच्या टोकाला वजन बांधून आत सोडायचं, पाण्याला टेकल्याचा आवाज आला की आकडा वाचायचा आणि त्यातून कठड्याची उंची वजा करायची.

पण अर्धी मोजणी तोंडी चाले. "साहेब, रातभर लाइट होती, मोटर आत्ताच बंद केली. आता मोजून काय उपेग?" मालकाचं म्हणणं खरंच असे. मग नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात 'उपसा चालू' लिहायचं. खालच्या अंगाला कुणी नवी विहीर पाडली, शेजाऱ्याने ऊस लावला, तेही तिथेच. नमुना म्हणजे बादली सोडून काढलेलं पाणी. त्याच पाण्याने बाटली तीनदा खळबळून भरायची, चिठ्ठी लावायची, मग चहा. चहाला नाही म्हणायची सोय नव्हती.

१९९०च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने जलविज्ञान प्रकल्प आला आणि निव्वळ मोजणीसाठी बोअर पडू लागले. त्यांना पिझोमीटर म्हणायचं. कंप्रेसर सुरू झाला की अख्खं गाव गोळा होई. आधी तांबूस मुरूम उडे, मग काळ्या पाषाणाची राखाडी भुकटी, आणि ती ओली व्हायला लागली की पोरं ओरडत. मुरमापुरतं केसिंग, खाली उघडा कातळ, वरून पावसाचं पाणी झिरपू नये म्हणून केसिंगभोवती सिमेंट. शेवटी झाकणाला कुलूप. हे पाणी शेताला द्यायचं नाही म्हटल्यावर म्हाताऱ्यांना पटता पटत नसे.

नमुनाही आता असा-तसा चालत नाही. बोअरमध्ये साचून राहिलेलं पाणी आधी उपसून टाकावं लागतं, साठ्याच्या तिप्पट. सहा इंची बोअरमध्ये मीटरला अठरा लिटरच्या आसपास पाणी मावतं. वीस मीटर पाणी उभं असेल तर हजार लिटर वाहून जाईपर्यंत पंपाशी बसा. मीटरवर तापमान आणि विद्युतवाहकता एका जागी ठरली की मगच बाटली पुढे करायची. धातूंच्या तपासणीच्या बाटलीत नायट्रिक ॲसिडचे थेंब टाकून सगळं बर्फाच्या पेटीत. प्रयोगशाळेला भरवसा ठेवता येईल असं पाणी यातूनच मिळतं. बादलीच्या पाण्यात पाचोळा, शेवाळ, वरच्या थराची हवा, सगळंच आलेलं असे.

पातळी तर आता नळीत टांगलेलं यंत्रच नोंदवतं, ठरल्या वेळी सिमकार्डावरून पाठवतंही. आकडा चोख येतो. मात्र रात्री पातळी खाली का गेली, लाइट आली होती की कुणी टँकर भरले, हे त्याला विचारता येत नाही. अटल भूजल योजनेत गावातल्याच मुलामुलींना पातळी मोजायला शिकवलं, ते मला म्हणूनच फार आवडलं. त्यांतल्या एकीची वही मी चाळली. तिने आकड्याशेजारी स्वतःहून एक जादा रकाना आखला होता: आज किती मोटरी चालू.