फॉस्फेटचे दोन हिशेब

आमच्या घरात फॉस्फेट दोन ठिकाणी मोजलं जातं. दर रविवारी माझ्या समुद्री पाण्याच्या टाकीत आणि महिन्यातून एकदा आईच्या रक्तात. टाकीत मला ०.०३ ते ०.१ पीपीएम हवं असतं. आईचा आकडा ५.५ च्या खाली राहावा, असं डॉक्टर म्हणतात. तिचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, चार-चार तास चालतं.

टाकी २०० लिटरची. दोन क्लाउनफिश, थोडी मऊ प्रवाळं. मार्चमध्ये दगडांवर हिरव्या केसांसारखं शेवाळ माजलं, पण टेस्ट किट ०.०४ च दाखवत होतं. हा आकडा फसवा असतो. पाण्यात आलेलं फॉस्फेट शेवाळ लगेच खाऊन टाकतं, मग मोजायला उरतं ते थोडंच. दगडही फॉस्फेट धरून ठेवतात आणि पाणी बदललं की हळूहळू परत सोडतात.

डायलिसिसबद्दल डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं. मशीन रक्तातलं फॉस्फेट काढतं, पण शरीराचा मोठा साठा हाडांत आणि पेशींत असतो. मशीन थांबलं की तिथून ते पुन्हा रक्तात उतरतं. औषधंही एकमेकांच्या नात्यातली निघाली. टाकीत फॉस्फेट बांधायला लोहाच्या ऑक्साइडचे दाणे किंवा लँथॅनम क्लोराइड वापरतात. किडनीच्या काही रुग्णांना जेवणाबरोबर लँथॅनम कार्बोनेटच्या गोळ्या देतात.

दोन्हीकडे फॉस्फेट येतं ते मुख्यतः खाण्यातून.

आईचं दूध मोजून, पनीर बंद, शेंगदाण्याचं कूट बंद. कुटाशिवायची भाजी ती करते, पण चवीनं खात नाही. माशांना खाऊ घालायचं काम मात्र तिनं आपणहून घेतलंय. फ्रोझन मायसिसचा एक तुकडा ठरलेला आहे, ती दोन टाकते.

"अरे, बघ कसे धावत येतात. त्यांना कसलं आलंय पथ्य?"

आकडा शून्यावर आणणं अवघड नाही. लोहाचे दाणे वाढवले की तो तळाला जातो. पण फॉस्फरसशिवाय कुठल्याही जिवाचा डीएनए बनत नाही. उपाशी प्रवाळं फिकट पडतात आणि हिरवं शेवाळ गेलेल्या जागी बऱ्याचदा डायनोफ्लॅजेलेट्सचा तपकिरी, चिकट, बुडबुड्यांचा थर धरतो. तो शेवाळापेक्षा चिवट. टाकी जिवंत हवी तर थोडं फॉस्फेट लागतंच.

म्हणून मी आईला थांबवलं नाही. तीन टर्बो गोगलगायी आणल्या. खालच्या डब्यात दिव्याखाली किटोमॉर्फा नावाचं शेवाळच मुद्दाम वाढवलं. दर पंधरा दिवसांनी त्यातलं मूठभर काढून टाकतो, त्याच्याबरोबर फॉस्फेटही बाहेर जातं. दगड टूथब्रशनं घासतो.

आईच्या ताटात अशी सूट देता येत नाही. तिथे वाटी म्हणजे वाटीच, आणि वरण वाढताना ती माझ्या हाताकडे बघत असते.

गेल्या रविवारी टाकीचा आकडा ०.१२ आला. थोडा जास्त आहे. तुकडे अजून दोनच पडतात.