जेवलास का?

आई गेल्यावर तिचे चॅट आणि फोटो मी टर्मिनलवर ‘टार’ने एकत्र बांधले. १९७९ पासून युनिक्समध्ये असलेला टार नुसतं गाठोडं बांधतो. ते दाबून लहान करतो जीझिप. फोटो जेमतेम आकसले. जेपेग आधीच दाबलेले असतात, बारकावे टाकून देऊन. मेसेज मात्र खूप आकसले. जीझिप तोच मजकूर पुन्हा लिहीत नाही. ‘इतकं मागे जा, एवढं उचल’ ही खूण ठेवतो. मागे बघतो तेही फक्त ३२ किलोबाइट. आईचं ‘जेवलास का?’ त्याच्या लेखी निव्वळ पुनरुक्ती. पण तो काहीच गाळत नाही. गाठोडं सोडलं, की प्रत्येक ‘जेवलास का?’ आपापल्या तारखेला, जसंच्या तसं परत येतं.