कातळाचा प्रबंध

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना दिसतो तो सगळा काळा कातळ. भूशास्त्रात पीएच.डी. करताना माझी उमेदीची वर्षं या कातळाच्या संगतीत गेली. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे लोट एकावर एक पसरत गेले आणि दख्खनचं पठार घडलं. शास्त्रज्ञांनी त्यांचे गट पाडले. घाटात वरून खाली येताना महाबळेश्वर, आंबेनळी, पोलादपूर असे ते लागतात.

एक गट कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे नुसतं बघून सहसा कळत नाही. हातोडीने झिजलेली साल उडवायची, आतला ताजा दगड घ्यायचा, पिशवीवर क्रमांक आणि उंची लिहायची. प्रयोगशाळेत त्याची पूड करून टायटॅनियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम मोजायचं. पोलादपूर गटाच्या लाव्ह्यात वर येताना भूकवचाचा अंश मिसळल्याच्या खुणा मिळतात, आंबेनळी गटात त्या फारच कमी. त्याच दगडाची ०.०३ मिलिमीटर जाडीची चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की तो अभेद्य वाटणारा पाषाण प्रकाश आरपार जाऊ देतो. प्लॅजिओक्लेज या खनिजाच्या कांड्यांवर काळे-पांढरे पट्टे उमटतात. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा मी जेवणाची वेळ विसरले होते.

दोन लोटांच्या मध्ये कुठेकुठे विटकरी मातीचा पट्टा लागतो. खालचा लोट निवला, त्याची माती होऊ लागली आणि मग वरचा लोट आला, एवढं त्यावरून समजतं. मधे किती काळ गेला, हे मात्र नुसत्या जाडीवरून सांगता येत नाही. 'पुरावा काय?' हा मार्गदर्शकांचा शेरा माझ्या प्रत्येक मसुद्यावर असे. त्या दोन शब्दांनी मला संशोधन शिकवलं.

घाटाखालच्या गावातले विहिरी खोदणारे एक काका या विटकरी पट्ट्याला गेरू म्हणत. मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण हे त्यांचे रोजचे शब्द. ते म्हणाले, "ताई, गेरू दिसला की त्याच्या वरच्या अंगाला ओल बघा." खरंच होतं. त्या चिकण थरातून पाणी सहजी खाली मुरत नाही, म्हणून त्याच्या माथ्यावर बऱ्याचदा झरे फुटतात.

प्रबंध इंग्रजीत लिहिला, विद्यापीठात जमा केला. पण गेरूचे पट्टे आणि झरे दाखवणारा नकाशा मराठीत काढून मी त्या गावात दिला. ज्या गावच्या दगडावर आपण डॉक्टर होतो, त्या गावाला त्याच्या पाण्याबद्दल चार गोष्टी सांगणं हा पदवीचाच भाग आहे, असं मी मानते.