भिंतीकडे तोंड करून

मार्था वेल्स या लेखिका अमेरिकेत टेक्ससमध्ये राहतात. जन्म 1964 सालचा, शिक्षण मानववंशशास्त्राचं, पहिली कादंबरी 1993 मधली. त्यांची माझी ओळख असण्याचं काही कारणच नाही. तरीही त्यांचं माझ्यावर मोठं ऋण आहे, आणि तितकंच माझ्या भाच्याचं.

हे गेले, त्यानंतर घरात माणसांचा राबता होता. येणारं प्रत्येक जण समोर बसायचं, माझा हात हातात घ्यायचं, डोळ्यांत बघायचं आणि म्हणायचं, "कशी आहेस गं?" त्यांच्या मायेत खोट नव्हती. पण त्या क्षणी माझ्या चेहऱ्याचं काय करावं हेच मला समजत नसे. रडू आलं तर येणाऱ्याचीच समजूत काढावी लागे. नाही आलं तर "मनात साठवू नकोस" हे ऐकावं लागे.

भाचा रात्री सोबतीला यायचा. तो मुळातच अबोल. बोलताना नजर नेहमी आपल्या खांद्यापलीकडे कुठेतरी. "वर बघून बोल" हे ऐकतच तो लहानाचा मोठा झाला. त्यानं मला कशी आहेस असं कधीच विचारलं नाही. आला की गॅसचा कॉक बघायचा, मागच्या दाराची कडी बघायचा, माझ्या गोळ्यांचा डबा उघडायचा. गोळ्या संपत आल्या असतील तर दुसऱ्या दिवशी न सांगता नवी पाकिटं टेबलावर. पुस्तक उघडलं तरी माझी ओळ पुढे सरकत नाही, हेही त्याच्या लक्षात आलं असावं. एका रात्री मोबाइल आमच्या दोघांच्या मध्ये ठेवून म्हणाला, "मावशी, ऐकून बघ. नाही आवडलं तर बंद करू."

'ऑल सिस्टिम्स रेड' सुरू झालं. 'मर्डरबॉट डायरीज' या मालिकेतलं हे पहिलं पुस्तक, 2017 सालचं. केविन आर. फ्री यांच्या आवाजात ते जेमतेम तीन-साडेतीन तासांचं आहे. सांगणारं पात्र म्हणजे अर्धं यंत्र, अर्धं जिवंत मांस असलेलं एक सुरक्षारक्षक. एक कंपनी त्याला अनोळखी ग्रहांवर जाणाऱ्या शास्त्रज्ञांना भाड्यानं देते. त्याच्या डोक्यात आज्ञा मोडली की शिक्षा देणारा एक भाग बसवलेला असतो. तो त्यानं गुपचूप निकामी केलाय. आता कोणी त्याला अडवू शकत नाही. आणि या स्वातंत्र्याचं ते काय करतं? मालिका बघतं. 35,000 तासांच्या आसपास!

मी गुंतले ती मात्र सुरुवातीच्याच प्रसंगात. एका खड्ड्यातून अजस्र प्राणी वर येतो आणि डॉ. भारद्वाज यांना धरतो. (अंतराळात इतक्या दूर भारद्वाज आडनाव ऐकून मी चटकन सावरून बसले.) रक्षक त्यांना सोडवतं. त्याच्या स्वतःच्या अंगाचे लचके तुटलेले असतात. तेवढ्यात दुसरा शास्त्रज्ञ, व्होलेस्कू, धक्क्यानं जागीच थिजतो. त्याला हलवायचं कसं? चेहरा दाखवणं ही ज्याला सर्वांत नकोशी गोष्ट, ते यंत्र शिरस्त्राण उघडून त्याला आपला माणसासारखा चेहरा दाखवतं, हळू आवाजात त्याच्याशी बोलत राहतं आणि जखमी बाईंना उचलून दोघांनाही वर आणतं. काम झालं की पुन्हा चेहरा झाकतं. पुढे माणसं त्याच्याशी आपुलकीनं वागायला लागतात, तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून उभं राहतं आणि कॅमेऱ्यांतून त्यांच्याकडे बघत असतं. कोण थकलंय, कोण घाबरलंय, सगळं त्याला ठाऊक असतं.

हे ऐकताना शेजारच्या खुर्चीत माझा भाचा बसला होता, कपाटाकडे बघत. इतकी वर्षं हा मुलगा आम्हा सगळ्यांवर कशी माया करत आलाय, ते मला त्या रात्री लख्ख दिसलं.

दुसऱ्या भागात, 'आर्टिफिशियल कंडिशन'मध्ये, एक प्रचंड बुद्धिमान अवकाशयान येतं. आमचा रक्षक त्याला 'आर्ट' म्हणतो. आर्टलाही मालिका बघायच्या असतात, पण माणसांच्या गोष्टीतली भावना त्याला एकट्याला उमगत नाही. रक्षकाच्या मनात काय हलतंय ते टिपत टिपत ते गोष्ट समजून घेतं. आवडती पात्रं मरणार असली की अस्वस्थ होतं. दोघं शेजारी 'असून' एकत्र बघतात, आणि तीच त्यांची मैत्री. भाच्यानं ही सगळी पुस्तकं आधी ऐकलेली होती. तरी तो माझ्यासोबत पुन्हा ऐकत होता, आणि मी कुठे हसते, कुठे श्वास रोखते, हे त्याला बरोबर कळत होतं.

'नेटवर्क इफेक्ट' या मोठ्या कादंबरीला ह्यूगो आणि नेब्युला दोन्ही मिळाले. 2025 मध्ये अॅपल टीव्हीवर मालिकाही आली, अलेक्झांडर स्कार्सगार्डची. त्यानं काम मन लावून केलंय. पण पडद्यावर त्याचा चेहरा सतत बघावा लागतो. पुस्तक त्या रक्षकाला चेहरा लपवायची मोकळीक देतं आणि आपण केवळ आवाजावर विश्वास ठेवतो. मला पुस्तकच जवळचं.

माझं खरं ऋण मात्र 'सिस्टिम कोलॅप्स'चं, 2023 मधल्या पुस्तकाचं. त्यात हा एरवी सगळं सांगणारा निवेदक एक घटना वगळून पुढे जातो. तिचा विषय निघाला की मजकूर खोडलेला. आपल्याला कळत जातं की तो आतून मोडलाय आणि ते सांगायची त्याची तयारी नाही. सोबतची माणसं त्याला खोदून विचारत नाहीत. कामं वाटून घेतात, थांबतात. पुष्कळ पुढे गेल्यावर तो स्वतःहून सांगतो.

ते आलं तेव्हा मी भाच्याला थांबवायला सांगितलं. अतिदक्षता विभागाबाहेरची शेवटची रात्र, डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न, मी केलेली सही. आल्यागेल्या कोणालाच मी हे सांगितलं नव्हतं. ते सगळं मी समोरच्या भिंतीकडे बघत सांगितलं. भाचाही तिकडेच बघत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "मावशी, मी असतो तर मीही तीच सही केली असती." मग उठून त्यानं दोन कप चहा टाकला.

वेल्सबाईंना पत्र लिहायचं ठरवलंय. मी मराठीत लिहिणार, इंग्रजी भाचा करणार. व्होलेस्कूचा प्रसंग आधी घ्यावा की आर्टचा, यावर आमचं अजून एकमत होत नाहीये.